गटाराचे काम आणि शेजारधर्म

ह्या वर्षी शाळा उघडली तेव्हा शाळेसमोरचा रस्ताही उघडाच होता. पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावयाचे नव्या मलवाहिनीचे काम रेंगाळले होते. दीड पुरुष खोल चर, त्याच्या काठी मातीचे ढीग, पलीकडे रचून ठेवलेले मोठमोठे नळ, आणि चिखलावर टाकलेल्या फळ्या, असा एकंदर देखावा होता. त्या फळ्यांवरून आमची मुले एकामागून एक शाळेत येत. कोपऱ्यावरील वाण्याचे गिऱ्हाईक तुटले; भाजीवाल्या बाईंस आपली पाटी दूरच्या नाक्यावर हलवावी लागली; आणि समोरच्या चाळीतील म्हाताऱ्यांनी तर घराबाहेर पडणेच सोडले. पालकसभेत एक गृहस्थ त्राग्याने म्हणाले, "मास्तर, जुने गटार तुंबत असे हे खरे, पण आमचे चालले होते ना? मग हे खणणे हवे होते कशाला?" पुष्कळांनी माना डोलावल्या. त्या दिवशी आम्ही समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. ते आज ह्या पानांतून देण्याचे योजिले आहे.

"आमचे चालले होते" ह्या वाक्यात 'आमचे' म्हणजे कोणाचे, हे प्रथम पाहिले पाहिजे. गटाराचा स्वभावच असा आहे की, ज्याच्या घरी घाण उत्पन्न होते त्याच्या घरी ती राहत नाही. वरच्या आळीने सोडलेले पाणी खालच्या आळीत तुंबते. ह्या बाबतीत इतिहासातील एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे.

इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उद्भवली व तीत ६१६ माणसे मरण पावली. रोगाचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यात आहे, असे डॉ. जॉन स्नो यांनी प्रतिपादन केले. त्याच वस्तीत काम करणारे तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांस हे मुळीच पटले नाही. स्नोचे मत खोडून काढण्याच्या हेतूने ते घरोघर चौकशी करीत फिरले. आणि फिरता फिरता त्या मताचा पुरावा त्यांच्याच हाती लागला! पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल आजारी होऊन दगावले होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी आईने घराच्या मैल्याच्या टाकीत ओतले होते. टाकी खणून पाहिली तेव्हा तिच्या विटांचे बांधकाम खिळखिळे झालेले आढळले; आणि पंपाची विहीर तेथून जेमतेम तीन फुटांवर होती. त्या माउलीचा काय दोष? टाकीही तिच्या मते 'चालली'च होती. परंतु जुन्या विटांच्या फटींतून जे झिरपले, त्याने शेकडो शेजाऱ्यांची घरे उजाड केली.

पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनांत शिरली, तेव्हा कोठे राज्यकर्त्यांस जाग आली आणि जोसेफ बॅझलगेट या एंजिनियराने आखलेल्या भुयारी गटारांस मंजुरी मिळाली. आमच्या मुंबईतही त्याच सुमारास, म्हणजे १८६० नंतरच्या दशकात, ह्या विषयाचा गंभीर विचार सुरू झाला. तोपर्यंत मैला उचलण्याचे काम हलालखोर म्हणविल्या जाणाऱ्या लोकांच्या माथी होते आणि त्याकरिता शहरात हलालखोर कर घेतला जाई. भुयारी गटारे झाली, वरळीस लव्हग्रोव्ह येथे मैलापाणी उपसणारे केंद्र झाले; आणि त्या जुन्या विटांच्या गटारांपैकी काही आजही शहराची सेवा करीत आहेत.

परंतु विटांसही वार्धक्य येते. साचलेल्या मैल्यातून गंधकयुक्त वायू निघतो, ओलसर भिंतीवर त्याचे सूक्ष्म जंतूंच्या योगाने आम्ल बनते, आणि ते आम्ल चुना व सिमेंट हळूहळू खाऊन टाकते. वरून गाड्यांचे वजन वाढते, आतून गाळ साचतो. ज्या वाहिनीवर पूर्वी दोन मजली घरे होती, तिच्यावर आता वीस-वीस मजले उभे राहतात. शिवाय शहरातील मैलापाण्याचा मोठा भाग कित्येक वर्षे नुसता गाळून व रेती काढून समुद्रात सोडला जात असे. म्हणूनच १९ जानेवारी २०२३ रोजी वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप अशा सात ठिकाणी मलजल शुद्ध करणाऱ्या केंद्रांची कोनशिला बसविण्यात आली. त्या सर्वांची मिळून क्षमता दररोज सुमारे २४६ कोटी लिटर योजिली आहे. तात्पर्य, खणणे हवे कशाला, ह्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. जे काम आजोबांनी पुढे ढकलले व वडिलांनीही टाळले, ते नातवांनी न केले तर त्याचा दंड पणतू भरतील.

येथवर आम्ही पालकांस दोन शब्द ऐकविले. आता त्यांच्या बाजूने बोलणे न्यायाचे आहे. काम आवश्यक आहे म्हणून ते कसेही करावे, असे मुळीच नाही. लाभ साऱ्या शहराचा आणि त्रास एका आळीचा, असा हा व्यवहार असतो. म्हणून शहर त्या आळीचे ऋणी असते. लंडनच्याच पुढील हकिकतीवरून हे दिसून येईल. लोकवस्ती वाढत गेल्याने बॅझलगेटची गटारेही अपुरी पडली आणि थोड्याशा पावसाने मैला नदीत सांडू लागला. तेव्हा थेम्सच्या खाली सुमारे २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खणण्यात आला. त्याचे काम २०१६ साली सुरू झाले व २०२५ च्या आरंभी सर्व जुनी मुखे त्यास जोडून झाली. त्याची एक विहीर डेप्टफर्ड भागात, एका प्राचीन चर्चच्या व प्राथमिक शाळेच्या अगदी शेजारील हिरवळीवर खणावयाची ठरली. तेथील रहिवाशांनी कसून विरोध केला. विहीर टळली नाही; पण अशा विरोधांमुळे शेजाऱ्यांच्या त्रासाचा हिशेब करणे भाग पडले. बोगद्याची माती शक्य तेथे लॉरींऐवजी पडावांतून नदीमार्गे नेण्यात आली. आवाजाने पीडलेल्या घरांस संरक्षण किंवा तात्पुरती दुसरी जागा देण्याची तरतूद झाली. शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे हे कामातील विघ्न नव्हे. ते कामाचेच एक अंग आहे.

आमच्या मते ज्या आळीत खणावयाचे, तिचा शहरावर तीन गोष्टींचा हक्क आहे. पहिली, आगाऊ व खरी सूचना: काम केव्हा सुरू होईल आणि केव्हा संपेल, हे फलकावर लिहावे व चुकल्यास कारणही लिहावे. दुसरी, चालण्यापुरती निर्भय वाट, रात्री दिवा आणि चराभोवती भक्कम कठडा. कारण फळीवरून जाणारे पाऊल पहिलीतल्या मुलाचेही असते. तिसरी, रस्ता पूर्ववत् करून देणे. ह्या तीन गोष्टींस बुद्धिमत्ता लागत नाही, केवळ आदर लागतो. आमच्या रस्त्यावर त्यांपैकी एकही झाली नाही, आणि म्हणूनच ते सद्गृहस्थ रागावले. त्यांचा राग गटारावर नव्हता. आपणांस कोणी विचारले नाही ह्यावर होता.

अजून एका शेजाऱ्याचा विसर पडता कामा नये. तो आमच्या आळीत राहत नाही. तो आमच्या पायांखाली उतरतो. वर सांगितलेला वायू थोडा असता कुजक्या अंड्यांसारखा घाणतो, पण फार झाला म्हणजे नाकाची शक्तीच मारतो. वास गेला, आता धोका नाही, असे समजून माणूस उतरतो आणि परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात संरक्षक साधनांविना माणूस उतरविण्यास बंदी झाली. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली फर्माविले व २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. दंडाची रक्कम वाढवावी लागते, ह्यातच मृत्यू थांबले नाहीत हे दिसते. नवी, रुंद, यंत्राने साफ करता येण्याजोगी वाहिनी हे ह्यावरील एक खरे औषध आहे. चिखलातील फळीवरून चालण्याचा आमचा त्रास त्या माणसाच्या प्राणापुढे किती, ह्याचा पालकांनीच विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांसही एक काम आहे. घरातील चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि तळणाचे उरलेले तेल मोरीत जाऊ देऊ नका. हीच वाहिनीत गोळा होऊन तिची वाट अडवितात, आणि अडलेली वाट मोकळी करण्यास मग कोणाचा तरी बाप खाली उतरतो. पुढील वर्षी रस्ता बुजलेला असेल आणि खाली काय आहे हे सारे विसरतील. तुम्ही विसरू नका. आपला शेजारी कोण, हा प्रश्न जुना आहे. पण त्याचे उत्तर कधी कधी रस्त्यावरील लोखंडी झाकणाखालीही शोधावे लागते.