लक्षद्वीपला जाताना काटकसर कुठे करायची?

नाशिकरोडला थांबणाऱ्या एका गाडीच्या नावातच लक्षद्वीप आहे: मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. आपण तिने कल्याण-पनवेलला उतरतो, फार तर गोव्यापर्यंत जातो. ती पुढे एर्नाकुलमला जाते आणि तिथल्या कोची बंदरातून लक्षद्वीपची जहाजं सुटतात, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, तेव्हापासून मात्र एकच प्रश्न कानावर येतो: पाठीवर एक सॅक टाकून, कमी पैशांत जाता येईल का? माझं उत्तर आहे, येईल आणि जावंही. पण काटकसर नेमकी कुठे करायची, हे घर सोडण्याआधी ठरवलं पाहिजे.

आधी जागा समजून घेऊ. ३६ बेटं, त्यातली वस्तीची १०, आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. त्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुस्लिम. प्रवाळाच्या कड्यांवर साचलेल्या वाळूची ही बेटं समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच आहेत. बंगारमजवळचं परळी-१ नावाचं निर्जन बेट तर धूप होऊन नकाशावरून नाहीसं झालं. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो. जास्त उपसा झाला की विहिरी खारट होतात.

आता प्रवासाची आखणी. लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. त्याचे नियम १९६७ पासूनचे आहेत. म्हणून आधी बेट आणि राहण्याची जागा ठरवा, मग परवाना, मग जहाज आणि शेवटी रेल्वे. आपण नेमकं उलटं करतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे शिक्षकांना आणि मुलांना दिवाळीची सुट्टी सोयीची. कोचीहून जहाजाला साधारण १४ ते १८ तास लागतात आणि हवामानानुसार वेळापत्रक पुढे-मागे होतं. परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे ठेवा. विमानाचे पैसे वाचवायचे तर हे दिवस हाताशी हवेतच.

रेल्वेचा स्लीपर, घरून बांधून घेतलेल्या दशम्या आणि चटणी, कोचीतली साधी लॉज, इथे हवी तेवढी बचत करा. त्यात कुणाचं काही जात नाही. जहाजावर मात्र जरा थांबून विचार करा. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला एसटी जशी, तसं बेटावरच्या माणसाला हे जहाज. मोठं आजारपण, कॉलेज, कोर्टकचेरी, सगळ्यासाठी त्याला कोचीच गाठावी लागते. स्वस्तातली जागा पटकावण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ हे सांगत नाहीत की ती जागा कुण्या पेशंटच्या सोबतीला हवी असू शकते. पर्यटकांसाठी ठेवलेल्या जागांवरच जा आणि ईदच्या आसपास, बेटावरची माणसं घरी परतत असतात तेव्हा, जाऊच नका.

बेटावर उतरल्यावर घासाघीस बंद. तांदळापासून भाजीपर्यंत बहुतेक सगळं मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. तिथलं स्वतःचं म्हणजे मुख्यतः नारळ आणि टूना मासा. घरगुती मुक्कामासाठी जो दर सांगतील तो द्या. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध तिथले लोक उभे राहिले, कारण आपली जमीन हातची जाईल ही भीती होती. पर्यटन वाढणारच असेल, तर पैसा त्यांच्या घरात पडावा, बाहेरच्या रिसॉर्टवाल्याच्या खिशात नव्हे. कमी पैशांत फिरणारा माणूस एवढं नक्की करू शकतो. पाणी बादलीने मोजून वापरा, प्लास्टिक परत आणा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नका. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

एवढी यातायात करून जायचं कशाला? आपल्या समाजात प्रवास म्हणजे अजमेर, खुलदाबाद, नातेवाइकांची लग्नं आणि पैसे साठले की उमराह. फिरण्यासाठी फिरणं ही उधळपट्टी मानली जाते आणि मुलींच्या बाबतीत तर तो विषयच निघत नाही. या बेटांवर अशा काही गोष्टी आहेत ज्या वर्गात कितीही शिकवल्या तरी पटत नाहीत. तिथले मुसलमान उर्दू बोलत नाहीत. त्यांची बोली मल्याळमच्या घराण्यातली, जेसरी. मिनिकॉयवर महल बोलतात. तिची थाना लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते, पण उर्दू शिकवणाऱ्यालाही त्यातलं अक्षर लागत नाही. ‘मुस्लिम असून इतकं चांगलं मराठी?’ असं विचारणाऱ्यांनी आणि उर्दू न येणाऱ्याला अर्धा मुसलमान समजणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनीही एकदा तिथे जाऊन यावं.

दुसरी गोष्ट तरवाडची. तिथे वडिलोपार्जित घर आणि मालमत्ता परंपरेने आईच्या वंशाकडून चालत येते. इस्लाम शेकडो वर्षं जुना, मशिदी गल्लोगल्ली, आणि लग्नानंतरही मुलीचं घर तिचंच. आपल्याकडे मुलीचा शरियतने ठरवलेला वाटाही ‘भावासाठी सोडून दे’ म्हणून मागून घेतला जातो, आणि त्याला परंपरा म्हणतात. आपल्या मुलींनी ही दुसरी परंपराही बघायला हवी.

म्हणून जमलं तर मुलाच्या बाइकसाठी भिशी लावता, तशी एक भिशी या प्रवासासाठी लावा. आणि त्यात मुलीचं तिकीट आधी धरा.