मेस्सी येऊन गेला, पण आपल्या पोरांच्या मॅचचं काय?

जालना : १४ डिसेंबरला मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला. आपल्या गावातल्या पोरांनी ते मोबाईलवर पाहिलं. राज्य सरकारच्या 'महादेवा' प्रकल्पात निवडलेल्या मुला-मुलींचं तिथं कौतुक झालं. चांगली गोष्ट आहे. पण देशाच्या फुटबॉलची गाडी कुठं रुतली, तेही पाहायला पाहिजे.

१४ ऑक्टोबरला सिंगापूरनं मडगावात येऊन भारताला २-१ नं हरवलं अन् २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं. महिनाभरानं ढाक्यात बांगलादेशनंही १-० नं हरवलं.

पैशाच्या फुटबॉलचे हाल वेगळे नाहीत. दरवर्षी साधारण सप्टेंबरात सुरू होणारी आयएसएल २०२५ ला रखडली. फुटबॉल महासंघ अन् लीग चालवणारी कंपनी यांचा करार ८ डिसेंबरला संपला. नव्या टेंडरला एकही बोली आली नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. मग १४ फेब्रुवारी २०२६ ची तारीख जाहीर झाली.

बाकी आशियात काय चाललंय? जपाननं १९९३ ला आपली लीग सुरू केली, १९९८ ला पहिला विश्वचषक खेळला अन् त्यानंतर एकही चुकवला नाही. ऑस्ट्रेलिया २००६ ला आशियाई गटात आला अन् २०१५ ला आशिया कप जिंकला. २०२६ च्या विश्वचषकासाठी उझबेकिस्तान अन् जॉर्डन पहिल्यांदाच पात्र ठरले. उझबेकिस्तानची लोकसंख्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश! म्हणजे माणसं कमी पडतात, हे कारण खोटं आहे.

आपल्या मुलींनी मात्र थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवून मार्चमधल्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया कपची जागा मिळवली.

मग कमी काय पडतं? मॅच. २०१७ ला 'मिशन वन मिलियन'मध्ये शाळांना फुटबॉल वाटले. पण सुब्रतो कपसारख्या शालेय स्पर्धा खालच्या पातळीवर बहुधा बाद पद्धतीच्या. पहिली मॅच हरली की संघ घरी, पुढं वर्षभर शुकशुकाट. कोल्हापुरात तसं नाही. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर दर हंगामात लीग खेळतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला.

जालना हे बियाण्याचं गाव. बी कितीही भारी असलं तरी पाण्याची पाळी चुकली की पीक जातं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फुटबॉल हे बी झालं, मॅच हे पाणी.

त्यामुळं मागणी साधी आहे. आठही तालुक्यांत शाळांची लीग लावा, हरलेल्या संघालाही पुढची मॅच मिळू द्या. त्याला मेस्सी लागत नाही. एक मैदान, एक शिट्टी अन् वेळापत्रक लागतं. येत्या ग्रामसभेत मैदानाचा विषय आपणच काढू.