पोरे धावतात, धूळ कोण मोजतो?



थंडीत पहाटे पाच वाजता तिरोडीच्या रस्त्यावर एकदा उभे राहून पाहा. आपली पोरे भरतीसाठी धावत असतात. सैन्याची १६०० मीटर, पोलिसांची ८०० मीटर. शेजारून खनिजाचे ट्रक जातात. एक ट्रक गेला की पुढची दोन मिनिटे पोरगा दिसत नाही, फक्त त्याचा खोकला ऐकू येतो. आणि आपण वडीलधारे ओट्यावर बसून म्हणतो, "आजकालच्या पोरांत दम नाही."

दम आहे, हवा नाही. हिशेब साधा आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, जोरात धावणारा साठ लिटर आणि त्याहूनही जास्त. म्हणजे बसणाऱ्याच्या पोटात पाच तासांत जेवढी धूळ जाईल, तेवढी धावणाऱ्याच्या छातीत अर्ध्या तासात जाते. त्यात तो तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची चाळणीही सुटली. जाड धूळ घशात अडकते, बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी. पहाटेची हवा शुद्ध, हे आजोबांच्या काळचे झाले. हिवाळ्यात वरच्या उबदार हवेखाली धूर आणि धूळ सकाळी जमिनीलगतच्या थंड हवेत कोंडून राहते.

लंडनमध्ये दम्याच्या ६० रुग्णांना दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, आणि दुसऱ्या वेळी हाइड पार्कमध्ये चालवले. डिझेलच्या बसगाड्यांच्या त्या रस्त्यावर त्यांच्या फुप्फुसांची ताकद बागेपेक्षा जास्त घसरली. हे २००७ साली छापून आले आहे. ते तर नुसते चालत होते! आपल्याकडे डिझेलसोबत मँगनीजची धूळही आहे. तिचा त्रास मेंदूपर्यंत जातो हे १८३७ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. अर्थात ते खनिज दळणारे मजूर होते, धावणाऱ्या पोरांना तसे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण मोजल्याशिवाय "काही होत नाही" असे तरी कोणी का म्हणावे? देशाचे २००९ चे मानक सांगते, बारीक कण (पीएम २.५) चोवीस तासांत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितले. या रस्त्याचा आकडा आम्हाला कोणी सांगितलेला नाही.

निवडणूक आली की टी-शर्ट मिळतात, रस्त्याकडेला व्यायामाची लोखंडी यंत्रे बसतात. आमचेही चुकलेच. मंडळाची दौड आम्ही याच रस्त्यावर ठेवली, हारतुरे घेतले. कोणी म्हणेल, मग काय व्यायाम सोडायचा? मुळीच नाही. घरात बसून कोणाची भरती झाली आहे?

आमचे मागणे मोठे नाही. ट्रकवर ताडपत्री, पहाटेपूर्वी रस्त्यावर पाणी, रस्त्यापासून लांब एक सपाट मैदान, आणि हवेचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर. पुढच्या बैठकीत मंडळाची दौड रस्त्यावरून हलवण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या निवेदनावर सह्या घेऊ. पोरांनाही सोबत आणा, खोकल्यासकट.