टॉवरची जागा आणि बहिणीची सही

जमीन कसली तर पीक, खंडाने दिली तर खंड, विकली तर एकदाच मिळणारी रक्कम. खेड्यातल्या माणसाला जमिनीचं उत्पन्न इतकंच ठाऊक होतं. मोबाइल टॉवरने त्यात एक नवा प्रकार आणला. गुंठा-दोन गुंठ्यांवर लोखंडी मनोरा उभा राहतो आणि पाऊस पडो न पडो, ठरलेलं भाडं येत राहतं. न पेरता, न खुरपता मिळणाऱ्या या पैशाचं गावात मोठं अप्रूप आहे. आणि म्हणूनच हा पैसा कुणाच्या सहीने येतो आणि कुणाच्या खात्यात जातो, हे आपण तपासायला हवं.

टॉवरचा विषय निघाला की सभांमधून पहिला प्रश्न रेडिएशनचा येतो. तो विचारायलाच हवा. २०१२ पासून आपल्या देशात टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या पातळीच्या एक दशांश ठेवली गेली. ती पाळली जाते का, याचं मोजमाप मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण या प्रश्नाच्या गलबल्यात दुसरा प्रश्न मागे राहतो. तो आहे सातबाऱ्याचा.

मी तालुक्याच्या ठिकाणी बायकांच्या घर-जमीन हक्कांसाठी सल्ला केंद्र चालवते. तिथे टॉवरचे कागद घेऊन बायका येऊ लागल्या, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कंपनीला ‘क्लिअर टायटल’ हवं असतं. म्हणजे जमिनीवर वाद नको, आणि सह्या करणारे जितके कमी तितकं बरं. घरातल्या कर्त्या पुरुषालाही हिस्सेदार कमीच हवे असतात. दोघांचं इथे सहज जमतं. मग नावं कमी करायची म्हटल्यावर आधी कुणाची होतात? बहिणींची, विधवा भावजयीची, म्हाताऱ्या आईची.

यात कायद्याचाही थोडा हात आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार खासगी जागेवरून मार्गाधिकार हवा असेल, तर ती मालमत्ता ज्याच्या मालकीची, ताब्यात किंवा व्यवस्थापनात आहे, अशा व्यक्तीकडे कंपनीने अर्ज करायचा आणि दोघांनी आपसात अटी ठरवायच्या. याचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. कागदावर हे सरळ वाटतं. पण आपल्या घरांत जमिनीचं ‘व्यवस्थापन’ कोण करतं असं समजलं जातं? खुरपणी, वेचणी, मळणी, गुरं, पाणी बाईकडे. तलाठी, बँक, सोसायटी, कोर्ट पुरुषाकडे. कंपनीचा माणूस अर्थातच ओसरीवर बसलेल्या पुरुषाशी बोलतो. चहा आतून येतो.

एका बाईची हकीकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी आली. बापाने तिला चोळीबांगडीसाठी म्हणून दोन एकर माळ तोंडी लावून दिला. मुरमाड, उतारावरचा, भावांना नको असलेला. वीस वर्षं तिने त्यावर हुलगा-मटकी घेतली, शेळ्या राखल्या. टॉवरसाठी उंच आणि रस्त्यालगतची जागा पाहतात, आणि ती नेमकी हिच्या माळावर निघाली. सातबारा बापाच्या नावावर होता. बाप वारला होता आणि वारसनोंदीत दोन भावांची नावं वर, आई आणि तिन्ही बहिणींची ‘इतर हक्कां’त. थोरल्या भावाने तिला सांगितलं, ‘टॉवरसाठी तुझी एक सही लागते, उद्या रजिस्ट्रारकडे जायचंय.’ रात्री ती कागदाची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आली. वाचून पाहिलं तर ते माळाच्या दोन गुंठ्यांचं संमतीपत्र नव्हतंच. सगळ्या सामायिक जमिनीवरचं, भावांच्या लाभातलं हक्कसोडपत्र होतं.

मैत्रिणींनो, टॉवरच्या भाड्यापेक्षा हा कागद किती मोठा आहे, हे लक्षात घ्या. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला तो २२ जून १९९४ पासून. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हे विवाहित-अविवाहित असं अंतर काढलं, आणि शेतजमिनीबद्दलची अडचणही दूर केली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हयात असण्याची अट नाही. हे हिंदू कुटुंबांपुरतं झालं. मुस्लीम बहिणींची अडचण वेगळी आहे. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे त्यांच्या गटांत मुद्दाम सांगायला हवं.

देशात मोबाइल सेवा सुरू झाली १९९५ साली, म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलीच्या हक्कानंतर वर्षभराने. मोबाइल वाडीवस्तीवर पोचला. हक्क अजून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त अडकून बसला आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती बायकांकडे होती. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला होता. तेव्हाही प्रश्न हाच होता. नाव लागलं, पण व्यवहार कोण करणार?

आपल्या माळावरच्या बाईने सही केली नाही. तिने दोघी बहिणींना बोलावून घेतलं. चार महिने घासाघीस चालली. कंपनीच्या माणसाने दुसरी जागा बघण्याची धमकी दिली, भावांनी माहेर बंद करण्याची. शेवटी करार झाला तो सहाही वारसांच्या सह्यांनी, आणि भाडं सहा खात्यांत थेट जमा होईल या अटीवर. आईच्या आयुष्यातलं ते पहिलं खातं. पण त्या वर्षीपासून भाऊबीज बंद आहे. हेही लिहायला हवं. ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल’ ही भीती खोटी नाही. बहिणी अडाणी असतात म्हणून सह्या करत नाहीत. वेळप्रसंगी परतायला एक दार उघडं राहावं म्हणून करतात. त्यामुळे कायदा समजावून सांगणं एवढंच आपलं काम नाही. जिचं माहेर तुटतं, तिच्या पाठीशी गावातला गट उभा राहणार आहे की नाही, हे आपण ठरवायचं आहे.

आता कागदांबद्दल. बायका विचारतात, लीज काय आणि लायसन काय, कागद तो कागदच ना? तसं नाही. भाडेपट्ट्याने जागेचा ताबा ठरल्या मुदतीसाठी दुसऱ्याकडे जातो. तो एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. लायसन म्हणजे नुसती वापराची परवानगी. तिसरा प्रकार सुविधाधिकार, आपल्या भाषेत वाटेचा, पाटाचा हक्क. टॉवर दिराच्या शेतात असतो आणि त्याचा रस्ता, विजेची तार, केबल विधवा भावजयीच्या पट्टीतून जाते. भाडं दिराला, हिच्या शेतातून जनरेटरच्या डिझेलची गाडी अवेळी ये-जा करते आणि बांध मोडतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे अशी वाट उघडपणे, हक्क म्हणून, अखंड वीस वर्षं वापरली तर तो कायमचा हक्क होऊ शकतो. म्हणून ‘जाऊ दे, घरचीच वाट आहे’ असं म्हणू नका. वापर परवानगीनेच आहे, किती फुटांचा आहे, किती वर्षांचा आहे आणि त्याचा मोबदला काय, हे लिहून घ्या. परवानगी तोंडी राहिली आणि तिच्या भरवशावर पक्कं बांधकाम झालं, तर ती मागे घेणंही अवघड जातं.

मी वाचलेल्या करारांत मुदत दहा ते वीस वर्षांची असते. मालकाने मध्येच करार मोडायचा नाही, पण कंपनी मात्र नोटीस देऊन जाऊ शकते, असं एकतर्फी कलम बहुतेकांत होतं. टॉवर एका कंपनीचा आणि त्यावरची सेवा दुसरीची असते. सेवा देणारी कंपनी बुडाली तर टॉवरचं उत्पन्न आटतं. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, हे आपण पाहिलं आहे. म्हणून भाडेवाढ किती वर्षांनी, भाडं थकलं तर काय, टॉवर काढून जमीन पूर्ववत कोण करणार, आणि कर कुणी भरायचा, ही कलमं मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

आणखी एक सावधगिरी. ‘तुमची जागा टॉवरसाठी निवडली आहे, नोंदणीची रक्कम भरा’ अशी पत्रं आणि मेसेज येतात. त्यावर सरकारी शिक्का असतो, ‘ट्राय’चं नाव असतं. टॉवरसाठी आपण ना-हरकत दाखला देत नाही आणि कोणतीही फी घेत नाही, हे ट्रायने वारंवार जाहीर केलं आहे. जागा घेणारी कंपनी आपल्याला पैसे देते, आपल्याकडून मागत नाही. बचतगटाचं कर्ज उचलून अशी रक्कम भरलेल्या बायका माझ्यापुढे बसून रडल्या आहेत. कर्ज बाईच्या नावावर, आणि स्वप्न घरातल्या सगळ्यांचं.

तेव्हा गटांच्या पुढच्या बैठकीत एवढं करूया. प्रत्येकीने सासरचा आणि माहेरचा सातबारा व आठ-अ काढावा. आपलं नाव मुख्य रकान्यात आहे की ‘इतर हक्कां’त, ते पाहावं. कुलमुखत्यारपत्र आणि हक्कसोडपत्र हे शब्द दिसले की कागद घरी आणावा, रजिस्ट्रारच्या दारात वाचू नये. फसवून सही घेतली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. गप्प बसण्यात ती मुदत निघून जाते.

आणि मागणी दोन्हीकडे करायची आहे. कंपन्यांनी टॉवरच्या करारावर सर्व वारसांची, बहिणींसकट, संमती घ्यावी आणि भाडं ज्याच्या त्याच्या खात्यात भरावं. महसूल खात्याने फेरफाराची नोटीस चावडीवर चिकटवून मोकळं न होता सासरी नांदणाऱ्या बहिणीच्या हातात पोचवावी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना लेखी कळवण्याची जबाबदारी आजही त्यांच्यावर आहेच. तुमच्या तालुक्यात ती पाळली जाते का, याची माहिती पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा. ती गोळा करून आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.