बेसबॉलमधील उमेदवारीची मजुरी

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत 30 क्लब आहेत. परंतु या खेळाचा खरा विस्तार त्यांच्या आश्रयाखालील 120 दुय्यम संघांत आहे. प्रत्येक क्लबाशी असे चार संघ चढत्या पायऱ्यांनी जोडलेले असतात. सेंट लुईसच्या कार्डिनल्स क्लबाचा होतकरू खेळाडू पाम बीच, पिओरिया, स्प्रिंगफील्ड, मेंफिस अशी वाट चालत वर येतो. बहुतेकांची वाट मध्येच संपते.

या पद्धतीचे जनक याच क्लबाचे ब्रँच रिकी. तयार खेळाडू विकत घेण्यात श्रीमंत क्लबांपुढे आपला टिकाव लागत नाही, हे जाणून त्यांनी 1920 नंतर लहान गावांतील संघच हाताशी धरले. 1940 च्या सुमारास कार्डिनल्सच्या छत्राखाली तीसहून अधिक संघ होते.

मैदान व तिकीटविक्री स्थानिक मालकाकडे, तर खेळाडूंचे वेतन मुख्य क्लबाकडे, अशी येथे वाटणी आहे. म्हणजे मेंफिसचा खेळाडू मेंफिसचा नोकर नव्हेच! शिवाय ज्या क्लबाने त्याची निवड केली, त्याच्याशीच त्याला वर्षानुवर्षे बांधून घ्यावे लागते. विक्रेते हजारो आणि प्रत्येकापुढे ग्राहक एकच, अशा बाजारात मजुरीचा दर काय पडणार? त्यात 1922 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि 2018 मध्ये काँग्रेसने या खेळाडूंना जादा कामाच्या वेतनाच्या तरतुदींतून वगळले. हे हंगामी उमेदवार आहेत, हा मालकांचा युक्तिवाद. वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या धंद्याने उमेदवारीचा आधार घ्यावा, हे नवलच.

अखेर 2022 मध्ये हे खेळाडू मुख्य खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले. 2023 च्या करारान्वये सर्वांत वरच्या पायरीवरील किमान वार्षिक वेतन 17,500 डॉलरवरून 35,800 डॉलर झाले. तरीही हा निव्वळ विजय नव्हे. त्याच कराराने प्रत्येक क्लबाला हंगामात ठेवता येणाऱ्या दुय्यम खेळाडूंची मर्यादा 2024 पासून 180 वरून 165 वर आणली. जे आत राहिले त्यांचे वेतन वाढले. जे दाराबाहेर राहिले त्यांच्या वतीने वाटाघाटीला कोणीच नव्हते.

दुय्यम संघांची छाटणी तर या कराराआधीच, 2020 च्या हंगामानंतर झाली होती. 160 चे 120 राहिले. टेनेसीतील जॉन्सन सिटी येथील कार्डिनल्सचा संघ तेव्हाच गेला. 2021 पासून त्या गावात उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा संघ खेळतो. त्यांना वेतन नसते.