काकवीची बाटली : आधी झाकण, मग यंत्र

दिवाळी सरली की खानदेशात जेथे जेथे ऊस आहे, तेथे गुऱ्हाळे पेटू लागतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक व्यापारी कुटुंबांची थोडीबहुत शेतीही असते. त्यामुळे वर्षाचा गूळ आणि डबाभर काकवी ओळखीच्या गुऱ्हाळातून घरी येणे ही जुनीच रीत होय. मध वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांत तर भाकरी, दशमी वा थालीपिठाबरोबर काकवीलाच मान असतो. अलीकडे घरातील सुनामुलींच्या मनात येते, की हीच काकवी नीट गाळून, बाटल्यांत भरून चार घरी विकावी. विचार उत्तम आहे. परंतु त्यानंतर पहिला प्रश्न निघतो तो ‘भरण्याचे यंत्र कोणते घ्यावे?’ हा, आणि येथेच क्रम उलटा होतो.

काकवी म्हणजे गुळाच्या अलीकडची पायरी. उसाच्या रसात विद्राव्य घटक साधारण १६ ते २० टक्के असतात. तो आटवीत नेऊन ते ६५ ते ७० टक्क्यांवर आले, म्हणजे काहील उतरवावयाची. साधारण चार किलो रसातून एक किलो काकवी पडते. कॅनडात व अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल वृक्षाच्या रसाचा असाच पाक करतात. त्या रसात साखर दोन टक्क्यांच्या आसपास असल्याने एका लिटरला सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. रस वेगळा, झाड वेगळे. परंतु पाक ६६ टक्क्यांच्या सुमारास थांबवावा, गाळावा, गरम असतानाच बाटलीत भरावा व तत्काळ झाकण लावावे, हा तेथील शेतकरी कुटुंबांचा शिरस्ता आपणांसही घेण्याजोगा आहे.

६५ ते ७० हा आकडा का महत्त्वाचा? पाक पातळ राहिला, तर त्यात किण्व वाढते, फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि बंद बाटलीतील वायू झाकण उडवितो, प्रसंगी बाटलीही फोडतो. पाक फार आटला, तर तळाशी साखरेचे खडे बसतात. खडे हा केवळ दिसण्याचा दोष. आंबणे मात्र सर्वार्थाने नुकसान. ज्याचा रस चळला तो पदार्थ आपल्या घरांत अभक्ष्यच ठरतो. घरच्या नावाने दिलेली बाटली दुसऱ्याच्या फडताळात आंबली, तर त्यात केवळ वीस-पंचवीस रुपयांची काकवी जात नाही. पेढीने पिढ्यान् पिढ्या जपलेली पत जाते.

म्हणून खरेदीचा पहिला मान मोजण्याच्या साधनांना द्यावा. उत्तम थर्मामीटर घ्यावा व प्रथम साध्या उकळत्या पाण्यात बुडवून आकडा लिहून ठेवावा. जळगावसारख्या सखल ठिकाणी तो शंभराच्या किंचित खाली येईल. काकवी उतरविण्याची वेळ त्या आकड्यापेक्षा चार ते सहा अंश वर येते. नंतर ताळा पाहण्यासाठी हातात धरावयाचा रिफ्रॅक्टोमीटर. बाजारात सहज मिळतो तो फळांच्या रसासाठीचा, शून्य ते बत्तीस अंशांचा. काकवीला तो निरुपयोगी आहे. मागावा तो साधारण ५८ ते ९० अंशांचा. बहुतेक उपकरणे दहा ते तीस अंश तापमानातच बिनचूक दाखवितात, यास्तव नमुना झाकलेल्या वाटीत थंड करूनच थेंब घालावा.

दुसरा मान गाळण्याला व निवळण्याला. ताज्या काकवीत बारीक गाळ तरंगतो. ती झाकलेल्या स्टीलच्या टाकीत आठ-दहा दिवस स्थिर ठेवली, की गाळ तळाशी बसतो व वरची काकवी स्वच्छ मिळते. खडे टाळण्यासाठी किलोमागे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभर किलोला ४० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. निवळलेली काकवी पाण्याच्या भांड्यात ठेवून ८५ अंशांपर्यंत पुन्हा तापवावी; थेट आचेवर ती करपते. याकरिता तळाशी रुंद तोटी असलेली ३०४ प्रतीच्या स्टीलची टाकी पुरते. गरम काकवी तोटीतून सहज वाहते. थंड झाली की तीच मंदावते आणि मग यंत्राची गरज भासू लागते.

तिसरा मान बाटलीला व झाकणाला. पाण्याच्या बाटलीचे साधे प्लास्टिक सत्तर अंशांच्या सुमारास मऊ पडते. त्यात ८५ अंशांची काकवी ओतली, तर बाटली आक्रसते. म्हणून काच बरी. ती धुऊन, कोरडी करून, भरण्यापूर्वी कोमट करून घ्यावी. थंड काच गरम पाकाने तडकते. झाकण आतून अस्तर असलेले, पीळ देऊन घट्ट बसणारे व प्रत्येक वेळी नवे असावे. झाकण लावताच बाटली दोन मिनिटे आडवी करावी, म्हणजे झाकणाच्या आतील बाजूसही ताप लागतो. थंड होताना पाक आकुंचन पावतो, आत निर्वात होते आणि झाकणाचा मध्य किंचित खाली ओढला जातो. तो खाली गेला नसेल, ती बाटली विक्रीस पाठवू नये.

आणखी एक साधन व्यापाऱ्यास सांगावयास नको, ते म्हणजे शिक्का मारलेला काटा. काकवी पाण्याहून जड. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती सुमारे ६६० ग्रॅम मावते. माप डोळ्यांनी भरले तर एक तर ग्राहकाचे जाते नाही तर आपले. वजनावर भरावे व लेबलावर निव्वळ वजन, तारीख, कमाल किंमत आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक छापावा.

आता यंत्राचा हिशेब पाहू. समजा, हंगामात तीन हजार बाटल्या भरावयाच्या आहेत. साठ हजारांचे यंत्र पाच वर्षे चालले, तर बाटलीमागे चार रुपये घसारा पडतो. अकरा टक्के व्याज धरल्यास पहिल्या वर्षी आणखी दोन रुपये वीस पैसे. आठ हजारांची तोटीची टाकी तेवढीच वर्षे चालली, तर घसारा ५३ पैसे. दोन माणसे तोटीवर मिनिटाला एक बाटली भरतात असे धरले, तरी तीन हजार बाटल्यांना पन्नास तास लागतात. म्हणजे सहा-सात दिवसांचे काम. त्यासाठी साठ हजार अडकविणे शहाणपणाचे नव्हे.

शिवाय कर्जाचा हप्ता बारा महिने येतो, गुऱ्हाळ मात्र चार-पाच महिनेच चालते. माघात भरलेली काकवी भाद्रपदापर्यंत विकली जाते. बाटल्या, झाकणे, लेबले यांचे पैसे आधीच गेलेले असतात. नव्या उद्योगाची खरी ओढाताण या खेळत्या भांडवलाची असते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. अनुदानाने यंत्राची किंमत कमी होते. त्याचे रिकामे दिवस कमी होत नाहीत. केवळ अनुदान मिळते म्हणून मोठे यंत्र घेतले, तर उरलेला हप्ता घरानेच फेडावयाचा असतो.

मग यंत्र घ्यावे केव्हा? एका दिवशी तापविलेली काकवी त्याच दिवशी, गरम असतानाच, हाताने भरून संपत नाही असे वारंवार होऊ लागेल तेव्हा. त्या वेळी दट्ट्याचे भरणयंत्र घ्यावे. मात्र त्याचा वरचा हौद तापता ठेवता येतो का, ते पाना न लावता उघडून धुता येते का आणि त्याचे रबरी कडे जवळच्या बाजारात मिळते का, हे आधी पाहावे.

पहिल्या हंगामात एवढे करावे. शंभर बाटल्या भरून प्रत्येकीवर काहिलीची तारीख लिहावी. त्यांतील एक डझन बाटल्या घरातच, पंखा नसलेल्या खोलीत ठेवाव्यात. खानदेशचा वैशाख म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर. ज्येष्ठात त्या एकेक उघडून वास, चव व फेस पाहावा आणि नोंद करावी. बाराच्या बारा निर्दोष निघाल्या, तर पुढील दिवाळीस नोंदणी, लेबल आणि विक्री. एकही आंबली, तर त्या तारखेची नोंद काढून कसूर मापाची की झाकणाची हे शोधावे, आणि तोवर यंत्राचा विषय बाजूस ठेवावा.