चांदवडला काय आहे बघायला?

आमच्या टीममधला एक मित्र मागच्या महिन्यात थायलंडला जाऊन आला. थायलंड म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते आवरा, कारण हा पठ्ठ्या बँकॉकहून बस पकडून ईशान्येला खोरातला गेला होता. नकाशावर त्या शहराचं नाव नाखोन रात्चासिमा, पण ते उच्चारेपर्यंत बस सुटेल म्हणून सगळे खोरातच म्हणतात. ईसान प्रांत म्हणजे त्यांच्याकडचा 'आपला भाग'. शेती, कडक ऊन, आणि पोटापाण्यासाठी बँकॉक गाठणारी पोरं. जवळच फिमाय नावाचं जवळपास हजार वर्षांपूर्वीचं ख्मेर मंदिर आहे. तिथल्या चिकट भाताचं आणि कच्च्या पपईच्या तिखटजाळ कोशिंबिरीचं कौतुक आम्ही आठवडाभर कँटीनमध्ये ऐकलं.

मी विचारलं, "पण तिथं जायचं सुचलं कसं तुला?"

"अरे, कुणीतरी नवख्या माणसासाठी सगळं लिहून ठेवलं होतं. बस कुठून, जेवायचं कुठं, काय बघायचं, काय सोडायचं. वाचलं आणि गेलो." मग सहज म्हणाला, "तू चांदवडचा ना? तुमच्याकडे काय आहे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही रे, हायवेवरचं गाव आहे."

हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. कुणी पाहुणा आला की ते हेच म्हणतात, "इथं काय आहे बघायला? चला, वणीला जाऊन येऊ." कॉलेजला पुण्यात आल्यापासून मीही 'नाशिकचा' झालोय, कारण चांदवड म्हटलं की पुढचा प्रश्न 'ते कुठं आलं?' असतो. तर मंडळी, हे उत्तर दोन दिवस टोचत राहिलं, म्हणून हा लेख. कुणीतरी खोरातबद्दल लिहितं, मग चांदवडबद्दल आपण लिहायला काय हरकत आहे!

आधी कुठं आलं ते. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे निघालात की साधारण ६५ किलोमीटरवर. हा रस्ता जुना एन.एच. ३. आता त्याच्या या तुकड्याला ६० नंबर मिळालाय, पण गावात अजून कुणीही 'आग्रा रोड'च म्हणतं. नाशिकहून मालेगाव किंवा धुळ्याकडे जाणाऱ्या एस.टी. चांदवडला थांबतात. रेल्वेने यायचं तर मनमाडला उतरायचं आणि तिथून पंचवीसेक किलोमीटर. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना चांदवड म्हणजे मंगरूळचा टोलनाका, एक चहा आणि पुढं राहुड घाट, एवढंच ठाऊक असतं. मी स्वतः कित्येकदा पुण्याच्या मित्रांबरोबर धुळ्याला लग्नाला जाताना माझ्याच गावातून काच खाली न करता गेलोय. आता हे लिहिताना कसंसंच वाटतं. असो.

पहिलं ठिकाण रंगमहाल. होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा. बाहेरून उंच भिंती आणि भक्कम दरवाजा बघून गढीच वाटते. आत गेल्यावर कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं, चौक आणि पायऱ्यांची विहीर. जतनाचं काम अधूनमधून चालू असतं, तेव्हा आत सोडताहेत का ते गावात विचारून मगच जा. इथून रेणुकामातेच्या मंदिरापर्यंत भुयार आहे असं गावातला प्रत्येक जण सांगेल. भुयार नसलेला जुना वाडा महाराष्ट्रात अजून बांधला गेलेला नाही, त्यामुळे मान डोलवायची आणि पुढं जायचं.

मी रंगमहाल पाचवीच्या सहलीत बघितला होता आणि त्यानंतर थेट या वर्षी. पाचवीत फक्त डबा खाल्ल्याचं आठवतंय. यंदा मात्र खांबावरची वेलबुट्टी बघत बराच वेळ उभा होतो. अहिल्याबाईंचा कारभार माहेश्वरहून चालायचा आणि चांदवड त्या कारभारातलं दक्षिणेकडचं महत्त्वाचं ठाणं. इथं टांकसाळ होती. चांदवडी रुपया नावाचं नाणं पेशवाईत बाजारात चालायचं. ज्या गावाचं नाव एके काळी रुपयाला होतं त्या गावाला मी 'हायवेवरचं गाव' म्हणालो होतो.

त्याच्याही मागे गेलात तर सेऊणदेशाच्या यादवांचा मूळ पुरुष दृढप्रहार, त्याची राजधानी चंद्रादित्यपूर. ते चंद्रादित्यपूर म्हणजे आपलं चांदवड असं इतिहासकार मानतात. देवगिरीचं वैभव फार नंतरचं. डोंगरात जैन लेणी आहेत, कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. वरच्या अंगाला चंद्रेश्वर महादेव. चंद्रेश्वरला संध्याकाळी जा, वारा सुटलेला असतो आणि खाली सगळं गाव, आग्रा रोड आणि त्यावरून मुंग्यांसारखे सरकणारे ट्रक दिसतात. रेणुकामातेचं मंदिर हायवेला लागूनच डोंगराच्या कुशीत आहे, त्यामुळे ते चुकायचं कारण नाही. नवरात्रात मात्र गर्दीची तयारी ठेवूनच या.

किल्ल्यांचं वेड असलेल्यांना वेगळं सांगायला नको. चांदवड, इंद्राई, राजधेर, कोळधेर अशी रांगच आहे. शहाजहानच्या काळात, १६३५-३६ च्या सुमारास, अलावर्दीखानाने हे किल्ले घेतले, त्याचा फारसी शिलालेख इंद्राईवर आहे. चांदवडचा किल्ला १८०४ मध्ये कर्नल वॉलेसने होळकरांकडून घेतला, मग परत दिला, आणि १८१८ मध्ये तो कायमचा इंग्रजांकडे गेला. गावाच्या डोक्यावरचा हा किल्ला दिसतो सोपा पण वाट अवघड आहे, माहितगार सोबत असल्याशिवाय जाऊ नका. त्यापेक्षा राजधेरवाडीला जाऊन इंद्राई करा. आणि एक पूर्ण दिवस हातात असेल तर धोडप. माथ्यावर कातळाची भिंत आणि तिला मधेच पडलेली खाच, लांबून बघितलं तरी ओळखू येतो. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना इथंच हरवलं होतं. काका-पुतण्यांची भांडणं आपल्याकडे फार जुनी आहेत एवढंच म्हणतो.

झालं? इंटरनेटवरच्या कुठल्याही 'एका दिवसात चांदवड' छाप यादीत एवढंच मिळेल. माझं भांडण इथूनच सुरू होतं. 'बघण्यासारखं' म्हणजे देऊळ, वाडा, लेणी, किल्ला हे कुणी ठरवलं? दोनशे वर्षांपूर्वी राजाने बांधलं असेल तरच बघण्यासारखं, आणि चाळीस वर्षांपूर्वी साध्या माणसांनी केलं असेल तर ते 'काही नाही'?

माझ्या मते चांदवडमध्ये घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला घडली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन. लाखाच्या घरात शेतकरी बायका या गावात जमल्या होत्या. तेव्हा मोबाइल नव्हते, घरी फोनही नव्हते, बायकांना एकटीने तालुक्याला पाठवायची पद्धत नव्हती. त्या आल्या, मांडवात बसल्या आणि जाताना पंचायत राजच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या असं ठरवून गेल्या. महिलांना एक तृतीयांश राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, तिचा अंमल १९९३ पासून. म्हणजे दिल्लीच्या आधी हा विषय चांदवडच्या मांडवात निघाला होता. तिथल्या विचारांवर 'चांदवडची शिदोरी' नावाची पुस्तिकाही निघाली. शाळेत आम्हाला जगभरच्या परिषदांची सनावळी पाठ करायला होती. ही नव्हती.

आमची आजी त्या मांडवात होती. तिशीची असेल तेव्हा. बाबा दहा-अकरा वर्षांचे, आलेल्या बायकांना पाणी देत फिरत होते. आजीला भाषणांतलं फारसं आठवत नाही. तिला आठवतं ते असं, "येवढ्या बाया, आन् कुणालाच सैपाकाची घाई नव्हती." संघटनेने पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्याने राजीखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. आजोबांनी एक एकर केली. सातबाऱ्यावर आजीचं नाव लागलं. तलाठ्याकडून उतारा आणला त्या दिवशी तिने तो देव्हाऱ्यात ठेवला होता म्हणे.

हे एक एकर आता रस्त्याच्या जवळ आलंय. म्हणजे शेत तिथंच आहे, रस्ता रुंद होत होत त्याच्याकडे आला. तिथं हॉटेल टाकायला मागणारे दोघे-तिघे येऊन गेले. बाबांचा हिशेब साधा आहे. कांद्याचं काही खरं नाही, मुलगा पुण्यात, पैसे घेऊन मोकळं व्हावं. मीही मनातल्या मनात त्याचा एक एक्सेल करून बघितला आणि खरं सांगतो, आकडे बाबांच्या बाजूने आहेत. आजी एवढंच म्हणते, "माझं नाव हाय त्यावर. मी हाय तवर र्‍हाऊ द्या."

थायलंडवाल्या मित्राला मी शेवटी गावी घेऊन गेलो. शुक्रवारची सुट्टी टाकली आणि पहाटे पुण्याहून निघालो. रंगमहाल दाखवायच्या आधी त्याला कांद्याच्या लिलावाला नेलं. पहिल्यांदा चांदवडला येणाऱ्या माणसाला माझा हा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे. बाजार समितीला सुट्टी नाही ना एवढं आदल्या दिवशी विचारा आणि सकाळी जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातो, मूठभर कांदा उचलतो, पात चोळतो, बोली होते आणि संपते. चार-सहा महिने जपलेल्या मालाचा निकाल एका मिनिटात लागतो. आमच्या रिलीजला यापेक्षा जास्त मीटिंगा होतात. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा वेगळा, न टिकणारा लाल वेगळा, बारीक गोल्टी वेगळी. शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे मात्र बघत बसू नका, तो लिलाव होताना बघायची जागा नाही.

मित्राने भाव ऐकला. मोबाइल काढून पुण्यात घरपोच कांदा काय भावाने मिळतो ते बघितलं. मग मोबाइल खिशात ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

त्याला चौफुलीवर उभं करून मी २०२३ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांनी चांदवडला आग्रा रोड अडवला. ११ डिसेंबरला शरद पवार स्वतः आंदोलनात आले होते. पुण्यातल्या आमच्या ग्रुपवर त्या दिवशी 'ट्रॅफिक आहे, चांदवड टाळा' असा मेसेज फिरत होता. मीच तो पुढं पाठवला होता. बाबा त्या वेळी रस्त्यावर बसले होते.

मला पर्यटन 'डेव्हलप' करा वगैरे म्हणायचं नाही. डेव्हलप म्हणजे काय होतं ते आपण लोणावळ्यात बघितलंय. रंगमहालापुढं सेल्फी पॉइंट आणि चिक्कीची दुकानं लागली तर माझ्या डोळ्यांत पाणी येईल आणि ते आनंदाचं नसेल. पण कुणीच उतरलं नाही तर गावाला स्वतःबद्दल तेच वाटत राहतं जे बाबांना वाटतं. नेमिनगरला १९२८ पासूनचं नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आहे, तिथं इंजिनियरिंग कॉलेजपण आहे. बाहेरगावची पोरं गावात येऊन शिकतात आणि गावातला मी पुण्याला जाऊन तेच शिकलो. त्या वेळी घरात कुणी 'का' असं विचारलं नाही. मीही नाही.

जेवणाचं राहिलं. आग्रा रोडवरच्या चकाचक हॉटेलात पंजाबी खाऊ नका, ते तुम्हाला हिंजवडीतही मिळतं. शेवभाजी मागा. खानदेशची हद्द जवळ आल्याची खूण म्हणजे तिची तर्री. हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. उन्हाळ्यात येणार असाल तर पाण्याची बाटली भरून आणा, आणि कुणाच्या घरी पाणी दिलं तर तांब्यात उरवू नका, आमच्याकडे टँकरचे दिवस सगळ्यांना पाठ आहेत. सगळ्यात बरा काळ श्रावण ते दिवाळी.

संध्याकाळी आजीने हट्टाने मित्राला तिच्या एकरावर नेलं. बांधावर उभी राहून तिने हात करून चारी दिशा दाखवल्या, तो डोंगर, ती विहीर, तो रस्ता. मित्राने मोबाइल काढला तशी पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझा नको, कांद्याचा काढ." निघताना त्याच्या पिशवीत पाच किलो गोल्टी भरली. तो पैसे द्यायला लागला तर बाबा हसले आणि म्हणाले, "ठेवा ओ. उद्या पुन्हा या, धोडपला जाऊ. तिथं बघण्यासारखं आहे."